वही ठेवा, अर्ज सगळ्यांनी मिळून द्या

गल्लीत रात्री दारू पिऊन बाटल्या फोडणाऱ्यांची तक्रार केली की आपलंच नाव बाहेर येतं, ही तुमची भीती खरी आहे. आमच्या पुण्यातल्या सिंहगड रस्त्याकडच्या गल्लीतही कोणी पुढे येईना. शेवटी आठ-दहा घरांनी ठरवलं, ज्याला दिसेल त्याने पोलिसांचा ११२ नंबर लावायचा आणि तारीख, वेळ, गाडीचा नंबर वहीत टिपायचा. महिन्याभराने सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज चौकीत दिला, पोच घेतली. त्यानंतर बीट मार्शलची, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसांची, फेरी नेमकी त्याच वेळेला होऊ लागली. त्या पोरांतली दोघं आमच्याच गल्लीतली निघाली. त्यांच्या आईशी शेजारच्या काकू बोलल्या, आणि ते पोलिसांपेक्षा त्यांनाच जमणारं होतं. कोपऱ्यावरचा बंद दिवाही लावून घ्या, अंधारातच अड्डा जमतो.