मदत हवी आहे: कोरड्या पात्रात पाण्याची खोली उणे येतेय

नमस्कार मंडळी. नागपुरात एम.टेक. करतोय, धरणफुटीच्या पाण्याचं प्रारूप पायथनमध्ये लिहितोय. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं (बांध फुटला नव्हता, तलाव ओसंडला होता), तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

उथळ पाण्याची समीकरणं (पाण्याची खोली आणि वेग सांगणारी), फायनाइट व्हॉल्यूम (पात्राचे छोटे कप्पे करून प्रत्येकात आत-बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशोब), एचएलएल फ्लक्स (दोन कप्प्यांमधला प्रवाह लाटांच्या वेगांवरून काढायचं सूत्र). खालच्या बाजूला थोडं पाणी असलं की सगळं सुरळीत. पात्र कोरडं ठेवलं की घोडं अडतं. कोरड्या पात्रातल्या धरणफुटीच्या रिटरच्या १८९२ च्या गणिती उत्तराप्रमाणे धरणामागे १० मीटर पाणी असेल तर भिंतीच्या जागी त्याच्या ४/९, म्हणजे ४.४४ मीटर खोली हवी. ती जवळपास येते. पण लोंढ्याचं टोक सेकंदाला १९.८ मीटर धावायला हवं, ते रेंगाळतं. शिवाय टोकाशी खोली उणे! वेग काढायला प्रवाहाला खोलीने भागतो, मग तो वाट्टेल तसा उसळतो.

सीएफएल (गणनेतलं वेळेचं पाऊल किती मोठं हे ठरवणारा आकडा) ०.९ वरून ०.४ केला, फरक शून्य. खोली एक मिलिमीटरखाली असेल तिथे वेग शून्य धरला तर उणे थांबतं, पण टोक आणखी मंदावतं.

कोरड्या बाजूच्या लाटेचा वेगही मी नेहमीच्याच √(gh) ने (g गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, h पाण्याची खोली) काढतोय, तिथे २√(gh) लागतं का? की गोची दुसरीकडेच आहे? कोणी हे हाताळलंय का? कोड दीडशे ओळींचाच आहे, म्हणाल तर इथेच टाकतो. पुढच्या आठवड्यात सरांना दाखवायचंय.