कॅन्सस: फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातला रानपक्षी) शिकारीसाठी खाजगी रानात परवानगी कशी मागायची?

चिंगीचा_बाबा:
राहायला ओव्हरलँड पार्क. चिंगी ही आमची ब्रिटनी जातीची शिकारी कुत्री, वय दीड वर्ष, पॉइंट झकास धरते, म्हणजे पक्ष्याचा वास लागला की जागीच थबकून दाखवते. हंटर एज्युकेशन झालं, लायसन्स काढलंय. गेल्या नोव्हेंबरात हेज गावाच्या पश्चिमेला वॉक-इन रानं, म्हणजे सरकारने शेतकऱ्यांकडून भाड्याने घेऊन शिकारीला खुली केलेली, पालथी घातली. नकाशावर सगळं शिकारीला खुलं, पण जाऊन बघावं तर कितीतरी ठिकाणी गवत कापून गठ्ठे रचलेले. जिथं गवत शिल्लक तिथं आधीच दोन पिकअप उभे. चिंगीच्या पंजांत सराटे रुतले ते वेगळंच. आणि कुंपणापलीकडच्या खाजगी रानातून फेझंटचे नर मजेत ओरडतायत! तिथं शिरायचं कसं? पैसे द्यावेत का? आमचं आडनाव ऐकूनच दार बंद होईल, असं बायकोचं म्हणणं.

सोलापूरकर_सलायना:
परवानगी मागता येते आणि मागावीच लागते. इथं पाटी असो वा नसो, खाजगी जमिनीत विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. खांबाला जांभळा रंग फासलेला दिसला तर परवानगी लेखीच हवी.

सीझन नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो. त्या सकाळी दार वाजवणाऱ्याला कोणीही हाकलेल, आडनाव काहीही असो. ऑगस्टमध्ये जा. गहू निघालेला असतो, मायलो उभी असते, माणूस जरा निवांत असतो. शिकारीचे कपडे नकोत, बंदूक घरी. चिंगी गाडीत असू द्या, तिच्यावरून बोलणं निघतंच.

मी तर ज्वारीवरून सुरुवात करतो. मायलो म्हणजे आपली ज्वारीच, फक्त कमरेएवढी, कंबाइनमध्ये बसेल अशी. आमच्या मंगळवेढ्याकडची मालदांडी डोक्याच्या वर जाते आणि आम्ही तिच्या भाकऱ्या खातो, हे ऐकून एक आजोबा अर्धा तास अंगणातच उभे राहिले. त्यांच्याकडे ती गुरांना जाते, नाहीतर इथेनॉलला. पुढच्या खेपेला भाकरी नेली. लोणी लावून खाल्ली, "नॉट बॅड" म्हणाले आणि ओढ्याकाठचा तुकडा दाखवला. नकारही पुष्कळ मिळतात, पण बहुतेकदा रान आधीच भाच्याला नाहीतर जावयाला दिलेलं असतं म्हणून. पैसे काढू नका. नोट दिसली की समोरचा लीजचा हिशेब मांडायला लागतो.

गवताळ:
गवत का कापलं ते सांगते. ही बरीचशी रानं सीआरपीतली, म्हणजे १९८५ च्या फार्म बिलातली योजना: १० ते १५ वर्षं पीक घ्यायचं नाही, गवत राखायचं, सरकार भाडं देतं. २००७ मध्ये देशभरात ३ कोटी ६८ लाख एकर होतं. मग मका महागला, करार संपले, नांगर फिरले. त्यात दुष्काळ जाहीर झाला की उरलेलं गवतही चाऱ्यासाठी कापायची मुभा मिळते. १५ एप्रिल ते १५ जुलै हा घरट्यांचा काळ तेवढा सांभाळतात. वॉक-इनचं भाडं तुम्हाला आत येऊ देण्याचं असतं, गवत राखण्याचं नव्हे, हे लक्षात ठेवा.

म्हणून परवानगी मागताना अख्खं शेत मागू नका. उंच गवत आणि मायलोची धसकटं जिथं भिडतात तो कडेचा पट्टा मागा. पक्षी रात्री गवतात, सकाळी दाण्यावर. बॉबव्हाइट लावे हवे असतील तर रानटी प्लमच्या जाळ्या बघा.

चिंगीचा_बाबा:
ऑगस्ट पक्का. भाकरी मात्र सासूबाई आल्या तरच, माझी थापतानाच फुटते. मी अजून एच-१बीवर आहे, बंदुकीचं काही अडतं का?

सोलापूरकर_सलायना:
नॉन-इमिग्रंट व्हिसावर एरवी बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. ते संपू देऊ नका, खिशातच ठेवा. आणि रोज चारच नर, मादी अजिबात नाही. साफ करताना नराचा एक पाय तसाच राहू द्या, शिकारीवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनने अडवलं तर नर असल्याचं दाखवायला लागतो.