परिचारिकांचे आजारपण: दोष ताणाचा की ड्युटीच्या तक्त्याचा?

धागाकर्ती (अतिदक्षता विभागातील परिचारिका): परिचारिकांसाठी ताणमुक्तीची शिबिरे भरवली जातात आणि त्याच आठवड्यात सलग रात्रपाळ्या करून घरी गेलेल्या परिचारिकेला पुरती झोप होण्याआधीच पुन्हा कामावर बोलावले जाते. कंबरदुखी, वाढलेला रक्तदाब, बिघडलेले पचन ही माझ्या मते मनाच्या दुबळेपणाची नव्हे, तर अपुऱ्या मनुष्यबळाची लक्षणे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलायला दोघी लागतात. दुसरी हाताशी नसली की चादर धरून एकटीलाच ओढावे लागते आणि त्याचा झटका थेट कमरेत बसतो. स्वच्छतागृहात जायला फुरसत मिळणार नाही, म्हणून पाळीभर पाणीच न पिणाऱ्या परिचारिकाही आहेत, आणि त्यातून होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग कोणत्या शिबिराने बरा होणार?

प्रतिसाद (निवृत्त मेट्रन): मनुष्यबळ अपुरे आहे हे मान्य, पण सगळा दोष तक्त्यावर ढकलणे मला पटत नाही. रुग्णाला सरकवण्यासाठी आणलेल्या घसरत्या चादरी कपाटात पडून राहतात आणि रात्रपाळीनंतरची झोप मोबाइलपायी जाते, हेही मी पाहिले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. त्यातला 'बहुधा' गाळून नव्या मुलींना घाबरवू नये.

धागाकर्ती: मेट्रनबाई, चादर काढायला जाण्याइतका वेळही हाताशी असावा लागतो. 2002 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ती कामाने पार खचून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा नुसता आमच्या तब्येतीचा प्रश्न उरत नाही.

प्रतिसाद (रुग्णालय प्रशासक): कॅलिफोर्नियाने 2004 पासून परिचारिकांमागे रुग्णांची कमाल संख्या कायद्याने बांधून दिली, हे मला ठाऊक आहे. परंतु पदे भरायला माणसेच मिळत नसतील, तर असा नियम पाळण्यासाठी खाटा बंद ठेवाव्या लागतील. तेव्हा दाराशी आलेल्या रुग्णाला परत पाठवण्याची जबाबदारी कोण घेणार?

धागाकर्ती: खाटांचा प्रश्न खरोखरच अवघड आहे. मात्र आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1977 च्या शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये किमान 12 तासांची सलग विश्रांती सांगितली आहे. तेवढी तरी पुढच्या महिन्याच्या तक्त्यापासून द्या, कारण त्यातल्या निम्म्या अडचणी पाळ्यांचा क्रम नीट लावल्यानेच सुटतील.