आर्क्टिकचा बर्फ 'वाढतोय' म्हणे! २०१२ पासून मोजलात तर वाढणारच

ध्रुवतारा:
काल एकाने टाकलं की २०१२ च्या सप्टेंबरला आर्क्टिकमध्ये ३४ लाख चौरस किमी समुद्री बर्फ उरला होता, २०२४ ला ४३ लाख, म्हणजे बर्फ वाढतोय आणि बाकी सगळं थोतांड. आकडे दोन्ही खरे आहेत, म्हणून तर जास्त चीड येते. १९७२ चा दुष्काळ पायाला धरला तर महाराष्ट्रात पाऊस वाढतच चाललाय असं कुणीही दाखवून देईल. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिकडे मोठं वादळ झालं, त्याने आधीच पातळ झालेला बर्फ फोडून घुसळला, आणि पुढच्याच वर्षी आकडा ५० लाखांवर गेला. वरखाली होणारच हो. पण १९७९ पासूनची सॅटेलाइटची नोंद सलग बघा, ऐंशीच्या दशकात सप्टेंबरला ७० लाखांच्या आसपास बर्फ असायचा. २०१२ ला त्यातला भारतापेक्षा मोठा तुकडा गायब होता आणि २००७ नंतर एकही सप्टेंबर जुन्या पातळीच्या जवळ गेलेला नाही.

दर्यावर्दी:
मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली. रशियाच्या उत्तर टोकाच्या आर्खांगेल्स्क बंदरात फेब्रुवारीत आइसब्रेकरच्या मागून शिरलोय, दोर लाकडासारखे ताठ, बर्फ घासल्याच्या आवाजाने रात्रभर डोळा नाही. १९८९ ला होता, २०११ ला पण तसाच होता. आणि २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर काय म्हणाले? पाच-सात वर्षांत उन्हाळ्यात बर्फच नसण्याची शक्यता ७५ टक्के. झालं का तसं?

ध्रुवतारा:
नाही झालं, भाकीत चुकलं. ज्यांच्या कामावरून ते बोलले त्या शास्त्रज्ञानेच हात वर केले होते. पण साहेब, फेब्रुवारीत गोठणारच! मार्चला आजही १४० लाखांच्या वर भरतो. प्रश्न उन्हाळा काढून टिकतो किती याचा आहे. पूर्वी चार वर्षांहून जुना, जाड बर्फ तिसरा हिस्सा असायचा, आता विसातला एक भागही नाही. एका हिवाळ्याचा पातळ बर्फ वाऱ्याने फुटतो, खाली काळं पाणी उघडं पडतं, ते ऊन पितं आणि आणखी वितळवतं.

खारजमीन:
तुमचं चालू द्या, पण पेपरात 'हिमनग वितळून कोकण बुडणार' छापून येतं ना, त्याने आमचं वाटोळं झालंय. रायगडात खाडीकाठी आमची भातशेती. बांध फुटला, खारं पाणी शेतात, दुसऱ्या वर्षी रोप नाही, आता तिथे खारफुटी उभी आहे. उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराची, झडप तीन वर्षं मोडकी, अर्ज देऊन थकलो. साहेब म्हणाले क्लायमेट चेंज, आम्ही काय करणार!

मांडवीकाठ:
हिमनग वेगळा, समुद्री बर्फ वेगळा. हिमनग जमिनीवरच्या हिमनदीतून तुटतो, समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी गोठलेलं. तो तरंगतच असतो, वितळला तरी पातळी जवळपास हलत नाही. ग्रीनलंडचा जमिनीवरचा बर्फ वितळला की हलते. हे आमच्या वास्कोच्या ध्रुवीय संस्थेतला कुणीही सांगेल, आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून आहे.

खारजमीन:
शब्द शिकवू नका. माझ्या आजोबांनी तो बांध हाताने घातलेला, दरवर्षी गाव मिळून डागडुजी करायचं. आता माणसं मुंबईला आणि बांध सरकारी. पाणी फुटक्या झडपेतून आलंय, उत्तर ध्रुवावरून नाही.

दर्यावर्दी:
शंभर टक्के. आधी झडप बसवा. आणि ध्रुवतारा, २००७ पासून सप्टेंबरची घसरण जवळपास थांबल्यासारखी आहे, ते का नाही लिहिलंत? तुम्हीही सोयीचंच वर्ष धरता.

ध्रुवतारा:
बरं, हे लिहायला हवं होतं, चूक माझी. वेग मंदावलाय. वारे-प्रवाहांचे फेरे काही वर्षं आपल्या बाजूने पडतात. पण मंदावला तो खालच्या पायरीवर, वर चढलेला नाही. आणि समुद्राची पातळी वाढतेय हे खोटं होत नाही, फक्त मोडकी झडप त्यामागे लपवू नये, यात मी खारजमीन यांच्या बाजूने.

दर्यावर्दी:
सप्टेंबरचं मानलं. थोतांड म्हणणाऱ्याचं मला पटलेलं नव्हतंच. फेब्रुवारीचं मात्र मी डोळ्याने पाहिलंय.

खारजमीन:
उद्या पुनवेचं उधाण आहे. बांधावर चाललोय, गोणत्या भरायच्यात.