'पार्स करणे'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एक्स.५०९ प्रमाणपत्रे (संकेतस्थळांची वगैरे ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे) हाताळणाऱ्या कोडबद्दल मराठीत लिहितो आहे. ही प्रमाणपत्रे डीईआर पद्धतीने रचलेली असतात, म्हणजे बाइटांची सलग माळ. ती 'पार्स' करण्याला, म्हणजे वाचून तिची रचना ओळखण्याला, काय म्हणू? 'विश्लेषण' फार सैल वाटते. 'फोड करणे' चालेल का? संधीची फोड, बिलाची फोड असे आपण म्हणतोच.

उत्तर

शाळेत हा शब्द आपण सगळेच शिकलो आहोत: व्याकरण चालवणे. 'अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा' म्हटले की शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची. इंग्रजी 'पार्स' मुळात हेच आहे. लॅटिनमध्ये 'पार्स' म्हणजे भाग, आणि 'पार्स ओराशिओनिस' म्हणजे शब्दाची जात. संगणकवाल्यांनी तो शब्द व्याकरणाच्या वर्गातून उचलला. आपल्याकडे 'पदपरिस्फोट' हे नामही आहे, पण त्याला क्रियापदासारखे वापरायला गेलो की वाक्य अडखळते.

तुमच्याच विषयातले उदाहरण घेऊ. सोळा-आधारी अंकांत ही माळ पाहा: ३० ०६ ०२ ०१ ०५ ०२ ०१ ०७. ३० म्हणजे क्रमिका (सीक्वेन्स, क्रमाने येणाऱ्या घटकांचा गट), ०६ म्हणजे पुढचे सहा बाइट तिचे. आत ०२ म्हणजे पूर्णांक, ०१ ही त्याची लांबी, ०५ हे मूल्य. मग तसाच दुसरा पूर्णांक, ७. प्रत्येक तुकड्याची आधी जात, मग व्याप्ती, मग मूल्य.

फोडीच्या बाजूने

'व्याकरण चालवणे' मजकुराला शोभते. जेसॉन या मजकुराच्या रूपात माहिती लिहिण्याच्या पद्धतीत कंस, स्वल्पविराम असतात, वाक्यासारखेच. इथे मधे काहीच चिन्ह नाही. तुकडा कुठे संपतो हे फक्त लांबी सांगते, त्यामुळे पहिले काम तोडण्याचेच आहे. आणि तिथेच घात होतो. २०१४ चा हार्टब्लीड दोष आठवा: सी भाषेतल्या ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीने समोरच्याने सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या बाइटांशी ताडून न पाहता तेवढी मेमरी परत पाठवली, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. फोड चुकली, दुसरे काय?

पहिल्या उत्तरदात्याचे

हार्टब्लीडमध्ये तोडणे नव्हे, तपासणे राहिले होते, आणि 'फोड' या शब्दात तपासणी येत नाही. डीईआरमध्ये तर हा भेद फार स्पष्ट आहे. ०२ ८१ ०१ ०५ ही माळ घ्या. ८१ म्हणजे 'लांबी पुढच्या एका बाइटात आहे'. ती लांबी १, मूल्य ५. अर्थ लागला, फोडही झाली. डीईआरचा सैल भाऊ बीईआर हे चालवून घेतो. पण डीईआरचा नियम आहे की लांबी शक्य तितक्या आखूड रूपातच लिहावी, म्हणून डीईआर पार्सरने ही माळ नाकारलीच पाहिजे. 'मी शाळेत गेला होतो' हे वाक्य कळते, तरी अशुद्ध असते, तसे. प्रमाणपत्रावरची सही नेमक्या बाइटांवर केलेली असते, म्हणून एका मूल्याला एकच रूप हवे. हा काटेकोरपणा 'व्याकरण' शब्दात आपसूक येतो.

आणखी एक. रस्टमध्ये चांगला पार्सर बहुतेकदा काही फोडत नाही, नक्कलही करत नाही. मूळ बफर (बाइट ठेवलेली मेमरी) अखंड राहतो, हाती येतात त्यातल्या जागा दाखवणाऱ्या स्लाइस. बफर जिवंत असेपर्यंतच त्या वापरता येतील, याची खात्री कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) करून घेतो. वाक्याचे व्याकरण चालवले तरी वाक्य जागच्या जागी राहते. 'फोड' म्हटले की वाचकाला तुकडे वेगळे झाल्यासारखे वाटेल.

प्रश्नकर्ता

पटले. 'बाइटांचे व्याकरण चालवणे' एकदा समजावून देतो आणि पुढे 'पार्स करणे' लिहितो. 'पार्सर'ला काही शोधावे का?

उत्तर

नको. सर्व्हर, प्रिंटर यांच्यासारखा तो रुळला आहे. शब्द हवेत ते चुकांसाठी, आणि तेही दोन वेगळे. माळ मधेच संपली तर 'अपुरी', नियम मोडला तर 'अशुद्ध'. रस्टची नॉम लायब्ररीही हा भेद करते आणि तो तुमच्या लेखात यायलाच हवा: अपुरी असेल तर सॉकेटवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) आणखी बाइट येण्याची वाट पाहायची, अशुद्ध असेल तर जोडणी तिथेच तोडायची.