‘गिमिक!’चे संगीत दोन आवृत्त्यांत वेगळे का ऐकू येते?

जुनी_कॅसेट:
सनसॉफ्टने १९९२ साली जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेमयंत्रासाठी काढलेला ‘गिमिक!’ हा गेम मी नुकताच खेळलो. त्यातला हिरवा, टोकदार डोक्याचा युमेतारो तारा फेकतो आणि वेळ साधली तर त्याच ताऱ्यावर स्वार होतो. मात्र मासाशी कागेयामा यांचे संगीत ऐकण्यासाठी मी त्याला बराच वेळ नुसता उभा ठेवला. पुढे स्कँडिनेव्हियात निघालेली आवृत्ती ऐकली, तेव्हा चाल तीच असूनही सगळे पोकळ वाटले. दोष माझ्या कानांचा, एम्युलेटरचा (संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा) की गेमचा?

सोल्डरवाला:
कान शाबूत आहेत. फॅमिकॉमकडे स्वतःचे पाच चॅनल असतात: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक ध्वनिनमुने, म्हणजे आधी मुद्रित केलेले आवाजाचे तुकडे, वाजवणारा. ‘गिमिक!’च्या जपानी कॅसेटमध्ये सनसॉफ्टची ५बी ही चिप आहे आणि ती चौकोनी लहरींचे आणखी तीन चॅनल पुरवते. यंत्राचा आवाज कॅसेटच्या ४५ क्रमांकाच्या पिनेतून आत जातो, चिपच्या आवाजात मिसळतो आणि ४६व्या पिनेतून परत येऊन टीव्हीकडे जातो. फॅमिकॉमची परदेशी आवृत्ती असलेल्या एनईएसच्या कॅसेटला पिना ६० ऐवजी ७२ असल्या, तरी आवाजाची ही येजा तिथे होत नाही. साहजिकच आठ चॅनलांचा संसार पाचांत मांडावा लागला. एवढी मेहनत घेऊन बनवलेल्या या चिपचा आवाज दुसऱ्या कुठल्याच गेमने वापरला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

रात्रपाळी:
सनसॉफ्टचे ऐकतच आहात, तर हेडफोन लावून १९९० चा ‘जर्नी टू सिलियस’ही ऐका. इतर गेमांत बेस बहुधा त्रिकोणी लहरीवर असे, आणि त्या चॅनलचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. तो एक तर वाजतो किंवा गप्प बसतो. यांनी बेस गिटारचे नमुनेच ध्वनिनमुन्यांच्या चॅनलवर वाजवले, त्यामुळे त्रिकोणी लहर ढोलासाठी मोकळी झाली.

पिवळी_कॅसेट:
थोडे अवांतर, पण धाग्याला धरून. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जो ‘टीव्ही गेम’ होता, तो बहुतेक वेळा फॅमिकॉमचीच नक्कल असे. अशा अनेक नकलांच्या चिपांत चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली असे, त्यामुळे जिथे धारदार सूर हवा तिथे गोलसर सूर वाजे. शिवाय या गेमांचे संगीत पडद्यावरच्या चित्राच्या ठेक्यावर पुढे सरकते. जपानमध्ये हे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, तर आपल्याकडच्या पाल या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत ५० वेळा. म्हणून पालसाठी बनलेल्या नकलांत सुरांची उंची जवळपास तीच राहून लय मात्र एक षष्ठांशाने मंदावे. मी लहानपणी तीच संथ लय ऐकत वाढलो. आता मूळ यंत्रावरचे संगीत ऐकले की वाजवणाऱ्याला शेवटची लोकल गाठायची आहे असे वाटते.