१८६३ चे ‘नॉट वन सेंट’ टोकन: हमी कोणाची?

ताम्रमुद्रा: अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातील, १८६३ हे साल कोरलेले एक टोकन नुकतेच माझ्या संग्रहात आले. त्यावर ‘वन सेंट’ ठळक अक्षरांत असून वर बारीक अक्षरांत ‘नॉट’ असे आहे. सरकारी नसलेले हे तुकडे लोक व्यवहारात कोणाच्या हमीवर स्वीकारत असत?

सुटेपैसे: हमी असलीच, तर ती दुकानदाराच्या शब्दाची. डिसेंबर १८६१ च्या अखेरीस बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले आणि पुढील वर्षी कागदी डॉलर घसरू लागताच लोकांनी आधी चांदीची नाणी व मग सेंटसुद्धा दडवून ठेवले. जुलै १८६२ मध्ये सरकारने टपाल तिकिटांना चलन म्हणून मान्यता दिली खरी, पण ती हाताला चिकटत व फाटत. जॉन गॉल्ट यांनी तिकीट पितळी चकतीत अभ्रकाखाली बसवले, तरी टंचाई हटली नाही. मोड नाही म्हणून गिऱ्हाईक परत जाऊ नये, यासाठी न्यूयॉर्क, सिनसिनाटी अशा शहरांतील व्यापाऱ्यांनी स्वतःच्या नावाची टोकने पाडून घेतली. ‘नॉट’ हा शब्द बनावट नाण्याचा आरोप टाळण्यासाठी आहे. अनेक टोकनांवर मात्र दुकानाचे नाव नसून केवळ देशभक्तीपर चिन्हे व घोषणा असत. अशी टोकने परत द्यायची तरी कोणाला?

नाणेघाट: नाव असूनही उपयोग होईलच असे नव्हते. न्यूयॉर्कचे मद्यविक्रेते गुस्ताव्हस लिंडेनम्यूलर यांनी दहा लाखांहून अधिक टोकने काढली, असे सांगतात. थर्ड अ‍ॅव्हेन्यू रेल्वे कंपनीकडे भाड्यापोटी त्यांचा ढीग साचला. कंपनीने ती बदलून मागितली तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला आणि कंपनीला काहीही करता आले नाही.

सुटेपैसे: उदाहरण योग्य आहे, परंतु त्यावरून सर्वच व्यापाऱ्यांना लबाड ठरवणे मला पटत नाही. हलके, पातळ टोकन लोक विनातक्रार घेतात, हे टांकसाळीच्या नजरेतून सुटले नाही. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने ४.६७ ग्रॅमचा तांबे-निकेलचा सेंट बाद करून ३.११ ग्रॅमचा कांस्याचा सेंट आणला, त्याच कायद्याने एक व दोन सेंटची खासगी टोकने बेकायदा ठरवली, आणि ८ जूनच्या कायद्याने उरलेल्या खासगी नाण्यांवरही बंदी आली.